खरबुजाचा खून

उन्हाळ्यात फळवाल्याच्या गाडीपाशी माझा जरा जास्तच वेळ जातो. खरबूज उचलायचं, देठापाशी वास घ्यायचा, टिचकी मारायची, कान लावायचा. परवा तो वैतागून म्हणालाच, ‘‘काका, खायचंय का वाजवायचंय?’’

आता त्याला काय सांगणार? सिनेमाच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला खून निम्मा-अधिक ऐकूच येतो, आणि जे ऐकू येतं ते खरबूज असतं.

‘सायको’ १९६० सालचा. न्हाणीघर, पडदा, शॉवर, सुरी. आल्फ्रेड हिचकॉकला सुरी माणसात शिरतानाचा आवाज हवा होता आणि खरा माणूस भोसकून बघण्याची सोय स्टुडिओत नव्हती. म्हणून तऱ्हेतऱ्हेची फळं आणली गेली. हिचकॉकसाहेब डोळे मिटून बसले, आणि एक माणूस एकेका फळात सुरी खुपसत गेला. टेबलावर सगळीकडे गर, बिया, पाणी. मग साहेबांनी डोळे उघडले आणि एवढंच म्हणाले, ‘‘कसाबा.’’ कसाबा म्हणजे खरबुजाचाच भाऊबंद, सुरकुतल्या पिवळ्या सालीचा. नावसुद्धा कसं कामाला शोभणारं! बिचारं कलिंगड नापास झालं. माझा अंदाज असा, की ते आतून फार पाणचट वाजत असणार. खून जरा भरीव वाजायला हवा.

आणि रक्त? चित्रपट काळापांढरा, त्यामुळे रंगाची पर्वा नव्हती, फक्त दाटपणा हवा होता. ते काम चॉकलेट सिरपनं केलं. पोरांच्या आइस्क्रीमवर ओततात तेच. पडद्यावर जेमतेम ४५ सेकंद चालणाऱ्या त्या प्रसंगाला चित्रीकरणाचे सात दिवस लागले आणि कॅमेरा सत्तरहून अधिक वेळा नव्यानं लावला गेला. सात दिवस नटी जॅनेट ली ओली, आणि नाल्यात चॉकलेट.

मला या माणसाच्या भीतीत स्वयंपाकघर फार दिसतं. ‘सस्पिशन’मध्ये (१९४१) कॅरी ग्रांट अंधाऱ्या जिन्यानं बायकोसाठी दुधाचा पेला घेऊन चढतो. दुधात विष आहे का, या काळजीत आपण बसलेलो. आणि आपली नजर त्या पेल्यावरून ढळू नये म्हणून हिचकॉकनं पेल्यात चक्क छोटा दिवा ठेवलेला. अंधारात दूध आतून उजळतं. हे वाचल्यावर मी एका रात्री दिवे घालवून, पेल्याखाली मोबाइलचा टॉर्च धरून, लेकीला हळदीचं दूध नेऊन दिलं. तिनं पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘बाबा, फाटलंय का?’’ कॅरी ग्रांट होणं आपल्या नशिबी नाही.

हिचकॉक मुळात भाजीवाल्याचा मुलगा. १८९९ सालचा जन्म, लंडनच्या लेटनस्टोनमध्ये वडिलांचं दुकान. फळं त्याला पारखता येत असतील तर नवल नाही. तो एक गोष्ट जन्मभर सांगत असे: लहानपणी वडिलांनी चिठ्ठी देऊन पोलिस चौकीत पाठवलं, पोलिसानं चिठ्ठी वाचून काही मिनिटं कोठडीत घातलं आणि म्हटलं, वाईट मुलांचं आम्ही असं करतो. तेव्हापासून पोलिसांची धास्ती बसली ती कायमची. गोष्ट किती खरी, किती फुलवलेली, देव जाणे. पण आपल्याकडे निम्म्या महाराष्ट्राला ‘पोलिसाला देईन हं’ म्हणत जेवू घातलेलं आहे. आपले हिचकॉक का झाले नाहीत? बहुधा आपल्या आया नुसतंच म्हणायच्या, चिठ्ठी कुणी लिहिली नाही.

स्वतःच्या चित्रपटात क्षणभर चमकून जायची त्याची खोड सगळ्यांना ठाऊक आहे. ‘लाइफबोट’ला (१९४४) पंचाईत झाली. अख्खी गोष्ट समुद्रातल्या एका होडीत. तिथं रस्त्यानं जाणारा जाडा माणूस कुठून आणणार? योगायोगानं तेव्हा साहेब पथ्यावर होते आणि भलतेच वाळले होते. मग होडीतला एक जण वर्तमानपत्र वाचतो, आणि त्यात ‘रेड्युको’ नावाच्या बारीक व्हायच्या औषधाची जाहिरात दिसते: आधीचा हिचकॉक, नंतरचा हिचकॉक. औषध काल्पनिक, पोट खरं. पुढे प्रेक्षकांची पत्रं येऊ लागली, हे औषध कुठं मिळतं हो? होडीतली माणसं तहानेनं मरताहेत आणि बघणाऱ्याचा जीव जाहिरातीत. या पत्रलेखकांविषयी मला अपार आपुलकी आहे.

सगळेच किस्से असे हसून सांगता येत नाहीत. ‘द बर्ड्‌स’च्या (१९६३) वेळी नायिका टिपी हेड्रनला सांगितलं होतं, माळ्यावरच्या हल्ल्यात यांत्रिक पक्षी असतील. प्रत्यक्षात माणसं जाड हातमोजे घालून खरे पक्षी तिच्या अंगावर फेकत राहिली, पाच दिवस. शेवटी डॉक्टरनं सक्तीनं विश्रांती घ्यायला लावली. हिचकॉकनं आपल्याला कसा त्रास दिला हे तिनं पुढे आत्मचरित्रात लिहिलं. ते वाचल्यापासून तो प्रसंग मला ‘वा, काय घेतलाय’ म्हणत बघता येत नाही. खरबूज काही आत्मचरित्र लिहीत नाही, हा फरक आहे.

पडद्यामागच्या माणसांत मला आवडते ती आल्मा, हिचकॉकची बायको. संकलनाची जाणकार, नजर घारीची. ‘सायको’ पूर्ण झाला, सगळ्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला आणि ही म्हणाली, हा असा दाखवता येणार नाही, मेलेली बाई हलतेय. ती हालचाल श्वासाची होती, गिळण्याची की पापणीची, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. पण इतरांना न दिसलेली गोष्ट तिला दिसली, एवढं नक्की.

आमच्याकडेही हे खातं बायकोकडेच आहे. लग्नाच्या व्हिडिओत आम्ही नवरानवरी बघतो; ती मागच्या पंगतीत कोणी तिसऱ्यांदा जिलबी घेतली ते बघते. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) बघताना तिनंच मला थांबवलं. माउंट रशमोरचं उपाहारगृह, ईव्हा मारी सेंट पिस्तूल काढून कॅरी ग्रांटवर झाडते तो प्रसंग. ‘‘मागचा पोरगा बघ,’’ ती म्हणाली. मागे टेबलाशी एक मुलगा आमच्याकडे पाठ करून बसलेला. कुणाच्या ध्यानीमनी नसताना तो शांतपणे दोन्ही कानांत बोटं घालतो. मग गोळी सुटते. तालमीत बिचारा एकदोनदा चांगलाच दचकला असणार. सगळे कसलेले नट न कळल्याचा अभिनय करताहेत आणि याला मात्र पक्कं ठाऊक आहे. ही चूक जगभर हसण्यावारी नेली जाते.

पण हिचकॉकचाच हिशेब लावला तर तो मुलगा चुकला कुठं? फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्र्युफोला त्यानं समजावलं होतं, की टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का. पण बॉम्ब आहे हे आधी सांगून ठेवलं, तर १५ मिनिटांची धाकधूक. त्या सबंध उपाहारगृहात बॉम्बची खबर असलेला तो एकटाच होता.

मागच्या रविवारी लेकीला ‘सायको’ दाखवला. पोरगी घाबरेल म्हणून आधीच सगळं सांगून टाकलं. रक्त म्हणजे चॉकलेट. सुरी म्हणजे खरबूज. त्या किंचाळणाऱ्या व्हायोलिन्स हिचकॉकला तिथं नकोच होत्या, संगीतकार बर्नार्ड हरमननं त्या तरीही रचल्या आणि ऐकल्यावर साहेबांनी माघार घेतली. ‘‘माहितीये हो बाबा,’’ ती म्हणाली, पाय वर घेऊन, उशी पोटाशी धरून. जॅनेट लीनं न्हाणीघराचं दार लावलं, झगा उतरवला. मी शेजारी वळून पाहिलं. लेकीची दोन्ही बोटं कानांत होती, पलीकडे तिच्या आईचीही.

अजून नळसुद्धा सुटला नव्हता.