कांदा आमचा, पोहे त्यांचे

लोणंदच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव ज्यानं पाहिलाय, त्याला लग्न कसं जमतं हे वेगळं शिकवावं लागत नाही. व्यापारी वक्कलातले दोन कांदे उचलतो, चोळून बघतो, ‘गोल्टी लई निघतीय’ म्हणतो आणि पुढच्या ढिगाकडं सरकतो. मुलीचा मामाही तसाच. तो फक्त पगाराची स्लिप चोळतो.

घराघरांतली कमाईची तफावत का वाढली, यावर शहाण्यांचे ग्रंथ आहेत; आम्हाला ती अशा लग्नांतच दिसते. आमच्या आळीत सख्ख्या भावांच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. थोरल्याचा पोरगा झेडपीचा मास्तर. त्याला बायको नोकरीवालीच हवी होती. मिळाली, तीही मास्तरीण. धाकट्याचा पोरगा कांदा लावतो. त्याला कसलीही बायको चालेल, पण मुलीच्या बापाला शेती पाहिजे, शेतकरी नको. भिंतीअलीकडं दोन पगार आणि पलीकडं एकही पक्का नाही. वर भाकरी थापायला अजून म्हातारी आईच.

सरकारही या भिंतीला गिलावा करतं. कांदा महागला की महागाईचा निर्देशांक चढतो आणि निर्देशांक चढला की मास्तरांचा महागाई भत्ता. पलीकडं त्याच महाग कांद्यापायी ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं आणि ८ डिसेंबरला थेट बंदी आली. ती उठली मे २०२४ मध्ये, तेही शुल्काची वेसण घालूनच. तोवर पोराच्या चाळीतल्या कांद्याला कोंब आले होते. त्या हंगामाची पट्टी त्यानं मला दाखवली: हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन जे उरलं, त्यात बारदानसुद्धा आलं नसतं.

मग तो एमआयडीसीत ठेकेदाराकडं लागला. मुलीकडचे विचारतात, “पर्मनंट का?”

सोलापुरात २१ डिसेंबर २०२२ ला अशीच लग्नाची राहिलेली पोरं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली. वाजंत्री होती, नवरी तेवढी नव्हती. आमचा पोरगा म्हणतो, “काका, घोड्याचं भाडं कोण देणार?”

तर वाचकहो, मुलगा निर्व्यसनी आहे, बारावी पास आहे, दोन एकर बागायत आहे. कुणाच्या पाहण्यात स्थळ असेल तर कळवा. पोह्यांना लागेल तेवढा कांदा आम्ही घेऊन येऊ.