मजकूर कळला

दर नोव्हेंबरात मी हयात असल्याचं संबंधितांना कळवते. पेन्शन घेणाऱ्या कुणालाही यात काही विशेष वाटणार नाही. हल्ली हे काम बोटाचा ठसा देऊन किंवा फोनला चेहरा दाखवून घरबसल्या होतं म्हणतात. पण माझ्या बोटांवरच्या रेषा आधी खडूनं आणि मग भांड्यांच्या काथ्यानं पुसल्यात, आणि फोनपुढे तोंड करून डोळे मिचकावणं मला जमत नाही. म्हणून माझा दाखला कागदावरच. काही वर्षांपूर्वी गुडघ्यानं संप पुकारला, तेव्हा तो टपालानं पाठवला. साधा नव्हे, चांगला रजिस्टर ए.डी. आपण हयात आहोत याची पोच आपल्या हातात असावी, एवढी इच्छा या वयात गैर नाही.

खिडकीवरच्या मुलीनं पाकीट काट्यावर ठेवलं आणि परत माझ्याकडे सरकवलं.

"काकू, पिन कोड?"

"पत्ता पूर्ण आहे की. अगदी मारुतीच्या देवळासमोर, हेसुद्धा लिहिलंय."

"मारुती मशीनला कळत नाही हो."

ही पिन कोडची कल्पना ज्यांची, ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला हे सहा आकडे सुरू झाले. अक्षरगणवृत्तात मुरलेल्या माणसाला देश सहा आकड्यांत बसवणं फारसं जड गेलं नसावं, असं मला उगीच वाटतं. यतीसुद्धा बरोबर तिसऱ्या आकड्यावर येतो. पुढचे तीन आकडे पोस्ट ऑफिसचे. मारुतीला त्यात जागा नाही, हे मात्र खरं.

पिन लिहिला. मग पोचपावतीचं कार्ड. एका अंगाला आपला पत्ता, दुसऱ्या अंगाला त्यांचा, खाली सहीची आणि तारखेची रेघ. ते पाकिटाच्या पाठीला चिकटवायचं, पण असं की तिकडे सहज सुटून आलं पाहिजे. डिंक कमी झाला तर वाटेत गळणार, जास्त झाला तर पोस्टमन ते ओढताना पाकिटाचं कातडं सोलणार. मी ते चार टोकांना चार ठिपके देऊन चिकटवलं. आणि यातली गंमत मला त्या दिवशी प्रथमच जाणवली. पाकीट जातं नोंदणी होऊन, हातोहात, सह्या घेत. आणि ते पोचल्याचा पुरावा मात्र परत येतो साध्या टपालातून, लग्नपत्रिका आणि वीजबिलांच्या गर्दीत. तोच हरवला तर? पोचपावतीची पोचपावती कुणी अजून काढलेली नाही.

रजिस्टर ए.डी.चा दरारा मला लहानपणापासून ठाऊक. आमच्या वाड्यात मालक वर राहायचे, एक बिऱ्हाडकरू त्यांच्या बरोबर खाली. दोघांत जागेवरून वाद. जिन्यात भेटले की पावसापाण्याचं बोलत, संक्रांतीला तिळगूळ घेत. भांडत ते फक्त रजिस्टरनं. मालकांची नोटीस सतरा पायऱ्या उतरण्यासाठी आधी पोस्टात जायची, शिक्के खायची, आणि दोन दिवसांनी पोस्टमनच्या पिशवीतून वाड्याच्या दिंडीदरवाजातून आत यायची. एकदा खालच्यांनी ठरवलं, घ्यायचीच नाही. पोस्टमननं पाकिटावर 'घेण्यास नकार' असं लिहिलं, सही केली आणि चहा घेऊन गेला. खालच्यांकडे त्या रात्री गोडाचा शिरा झाला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की १८९७ च्या एका कायद्यात सोय आहे: पत्ता बरोबर असेल, तिकिटं पुरेशी असतील आणि पत्र रजिस्टरनं टाकलं असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते पोचलंच असं धरतात. आणि नको म्हणून परत केलेलं पत्र तर कोर्टाच्या लेखी पोचलेलंच असतं. शिरा फुकट गेला.

म्हणूनच माझी पोचपावती आठवड्यानं परत आली, तेव्हा मी निर्धास्त झाले. वडिलांच्या वेळची पावत्यांची तार अजून आमच्या खुंटीला आहे. घरपट्टी, गॅस, दुरुस्त केलेल्या मिक्सरची पावती, सगळं तिच्यात ओवलेलं. हे कार्ड मी तिच्यात सगळ्यात वर टोचलं.

जानेवारीत पेन्शन आली नाही. गुडघ्याला पट्टा बांधून गेले. टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, दाखला मिळालेला नाही. मी कार्ड पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. सही म्हणजे एक उभी रेघ, कंटाळून पुढे आडवी झालेली. शिक्का मात्र त्यांचाच.

"पाकीट आलंय, बरोबर आहे. पण आत दाखलाच होता कशावरून?"

मी गप्प झाले, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. कार्डावर पाकीट घेतल्याची सही असते, पाकिटात काय होतं याची नसते. वकील मंडळी म्हणूनच कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात विषय लिहून ठेवतात, हे मला नंतर कळलं. गृहस्थ सज्जन होते. खणातून कोरा फॉर्म काढून दिला, चार मिनिटांत काम झालं.

परत येताना रिक्षात मला आमच्या सासूबाईंची पत्रं आठवली. जुन्या पत्रांच्या रीतीनं त्या सुरुवातच करायच्या, 'पत्र पावले, मजकूर कळला.' पावणं वेगळं आणि कळणं वेगळं, हे त्यांना चौथीच्या शिक्षणावर उमजलेलं होतं. आणि मग एकेका गोष्टीची पोच: लोणचं पोचलं, बरणीचं झाकण पोचलं नाही; मुलाच्या खोकल्याचं वाचलं, ज्येष्ठमध द्या. पोस्टानं पावण्याची जबाबदारी घेतली, तीही पैसे मोजून घेऊन. कळण्याची त्यानं कधीच घेतली नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. देवसुद्धा पावतो, एवढंच आपण म्हणतो.

२०२५ मध्ये रजिस्टर हा वेगळा प्रकार उरला नाही. तो स्पीड पोस्टात विलीन झाला. १९८६ साली आलेल्या धाकट्यानं थोरल्याला पोटात घेतलं. परवा दाखला टाकायला गेले तर खिडकीवर निराळी मुलगी. मी सवयीनं "रजिस्टर ए.डी." म्हटलं, तिनं सवयीनं स्पीड पोस्टची पावती दिली. पिन कोड मी आधीच लिहिला होता, पाकिटावर कोपऱ्यात 'हयातीचा दाखला' असंही. तिसऱ्या दिवशी फोन वाजला: पाकीट पोचलं.

माझं समाधान होईना. मी त्या कार्यालयात फोन लावला आणि विचारलं, माझा दाखला मिळाला ना?

"पाकीट आलंय काकू," तिकडून आवाज आला, "अजून फोडलेलं नाही."