लपवण्याच्या जागा

आमच्या घराण्यात आजवर किती दारू प्यायली गेली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. ती कुठे कुठे लपवली गेली, ते मात्र मला तोंडपाठ आहे. मळ्यात पंपाच्या खोलीत, स्टार्टरच्या पेटीमागे. कापसाच्या खोलीत, सरकीच्या पोत्याआड. स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्यांमागे, कारण त्या फळीला आईशिवाय कुणी हात लावत नसे आणि आईला सगळं माहीतच होतं. पण नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, बुद्धीची कमाल बघायची तर कूलरपाशी जायला हवं.

जळगावचा मे महिना ज्याने काढलेला नाही त्याला कूलरचं मोल कळायचं नाही. पारा ४५च्या पुढे गेला की इथली माणसं दुपारी बोलत नाहीत, नुसती एकमेकांकडे बघतात. आमचा कूलर पत्र्याचा, खिडकीएवढा, खाली पाण्याची टाकी. नाना संध्याकाळच्या बिअरची बाटली सकाळीच त्या टाकीत आडवी सोडून बँकेत जात. फ्रिजला आबांचा, म्हणजे आजोबांचा, पहारा होता, कूलरला नव्हता. बेत नामी होता, फक्त लेबलाचा विचार राहून गेला. ते पाण्यात सुटलं आणि पंपाच्या जाळीला चिकटलं. भर दुपारी कूलर गरम हवा फेकायला लागला, तेव्हा आबांनीच कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावून आणलं. त्याने पंप उघडला, दोन बोटांनी तो ओला कागद सोडवला, तळहातावर पसरून वाचला आणि नुकत्याच घरी आलेल्या नानांकडे शांतपणे पाहिलं. ‘कचरा आहे, आबा,’ तो म्हणाला. त्या दिवशी त्याला दुप्पट मजुरी मिळाली. नाना दुप्पट मजुरी देतात हे पाहून आबा मात्र काळजीत पडले.

आबा माळकरी. मूळचे चोपड्याकडचे, बोलणं अहिराणी. १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, तेव्हा ते पोरसवदा होते. गावच्या बैलगाड्या निघाल्या, त्यात तेही गेले आणि गर्दीतून त्यांनी गांधींना पाहिलं. पुढे दरवर्षी ही हकिकत सांगताना गांधी थोडे थोडे जवळ येत गेले. शेवटी शेवटी तर ते आबांच्या खांद्यावर हात ठेवून ‘दारूला शिवू नकोस’ असं सांगायला लागले होते.

हेच आबा आखाजीला मात्र निराळे दिसत. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे बाया झोक्यावर आणि पुरुष पत्त्यांवर बसतात, अगदी पैसे लावून. माळ सदऱ्याच्या आत सारून आबा अशा त्वेषाने पान टाकत की गांधींनी लांबूनच दर्शन दिलं ते बरं झालं, असं वाटावं. मी एकदा विचारलं, आबा, हा जुगार चालतो का? ‘पत्ता खेयानी रीत शे,’ ते म्हणाले, ‘दारूनी नही.’ विषय संपला. कोणतं व्यसन हे व्यसन आणि कोणतं हा सण, हे आपल्याकडे रीत ठरवते.

आबांच्या गावाहून उत्तरेला सातपुडा दिसतो. तिथल्या भिल्ल-पावऱ्यांकडे मोहाची पहिली धार जमिनीवर, देवाला. मग लग्न असो की मयत, सगळ्यांना. लपवण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याच्यापासून लपवायची, तोच आधी पिऊन बसलेला! लपवणं शिकवलं ते इंग्रजांच्या अबकारी खात्याने. १८७८च्या कायद्यानंतर आपल्या झाडाखालची फुलं आपल्या मडक्यात गाळणं हा गुन्हा झाला आणि तीच चीज ठेकेदाराच्या दुकानातून विकत घेणं हा सरकारी महसूल. दुकान आलं की उधारी आली, उधारीमागून सावकार आला आणि सावकाराबरोबर जमीन गेली. १९३०च्या दशकात तळोद्याकडच्या मोरवडला गुलाम महाराजांनी दारू सोडण्याची हाक दिली आणि हजारो आदिवासी ‘आप की जय’ म्हणत त्यांच्यामागे गेले. पुढे १९७२च्या सुमाराला शहाद्याच्या चळवळीत आदिवासी बायकांनी गुत्त्यांवर चालून जाऊन दारूची मडकी फोडली. विनोदी लिहिणाऱ्याने इथे जरा चूप बसावं. गुत्त्यावरून परतणाऱ्या नवऱ्याचा मार ज्यांनी खाल्ला, त्यांच्यापुढे आमच्या कूलरची गोष्ट सांगायची माझी छाती नाही.

आमची गोष्ट पांढरपेशांची, म्हणजे अब्रूची. नानांची पिढी दारूबंदीच्या कायद्यात वाढली. तो कायदा १९४९चा, मुंबई राज्याचा. पुढे महाराष्ट्राने त्याला परवान्याची खिडकी पाडली. कायदा मात्र तसाच आहे, त्यामुळे आजही आपल्याकडे दारू विकली जाते ती दारूबंदी कायद्याखालीच. पिणाऱ्याला एका दिवसाचा परवाना ५ रुपयांत मिळतो, देशीचा २ रुपयांत. रोज रोज सुटे पैसे काढायचे नसतील तर १००० रुपयांत जन्मभराचा. नानांनी जन्मभराचा काढला. माणूस बँकेतला, कागदपत्रांना चोख; त्यांनी तो रेशनकार्ड आणि घरपट्टीच्या फायलीत लावून ठेवला. एकदा घरपट्टी शोधताना तो आबांच्या हाती लागला. आबांनी शिक्का निरखला, नानांचा फोटो निरखला. मजकूर इंग्रजीत होता. ‘सरकारी कागद शे,’ त्यांनी नानांना बजावलं, ‘नीट ठेव.’

तेव्हाच्या परमिट रूमची रचनाच लपणाऱ्यांसाठी केलेली होती. दारावर जाड पडदा, आत लाल बल्ब आणि दोन टेबलांमध्ये प्लायवूडचं पार्टिशन. खारे शेंगदाणे चाचपून खायचे आणि वेटरला आवाजावरून ओळखायचं. आमचे धुळ्याचे बापूकाका शिक्षक होते. एका संध्याकाळी ते आग्रा रोडवरच्या अशाच एका अंधारात बसले असता पार्टिशनपलीकडून खोकला ऐकू आला. हा खोकला ते रोज प्रार्थनेच्या वेळी ऐकत. खोकला हेडमास्तरांचा. काकांचा घास घशात अडकला आणि तेही खोकले. पलीकडे एकदम शांतता. पाच मिनिटांनी वेटर काकांच्या टेबलावर हाफ फ्रायची बशी ठेवून गेला. ‘पलीकडच्या साहेबांनी पाठवलीय’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला दोघे समोरासमोर आले, दोघांनी हात जोडले आणि हेडमास्तरांनी नववीच्या गणिताच्या निकालाबद्दल चिंता व्यक्त केली. परमिट रूममध्ये भेटलेला माणूस भेटलेला नसतो, हा त्या काळचा सभ्यतेचा नियम होता.

याच दारूबंदी कायद्याचं दुसरं टोक बघायचं असेल तर सुरतेच्या गाडीने नवापूरला उतरावं. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मध्यावर सीमारेषा रंगवलेली आहे. मूळ कायदा दोन्हीकडे तोच, १९४९चा. पण गुजरातने खिडकी पाडली ती अगदी बारीक. म्हणून बाकाच्या एका अंगाला बसलेल्याला परवाना मिळू शकतो आणि दुसऱ्या अंगाला बसलेल्याला पोलीस. खान्देशातली निम्मी घरं आज सुरतेला, उधना-लिंबायतकडे कामधंद्याला आहेत. ही मंडळी लग्नाला गावाकडे येतात तेव्हा नवरदेवाची हळद कधी, याआधी वरात कधी ते विचारतात. आमच्याकडे एका लग्नात सुरतेचे मावसे मुहूर्त टळून गेला तरी सापडेनात. शेवटी सापडले ते बँडवाल्यांच्या टेम्पोत, ढोलाला मिठी मारून झोपलेले. ‘वर्षभराचा उपास सोडला बिचाऱ्यांनी,’ म्हणत मावशीने त्यांच्या अंगावर शाल टाकली. तिच्या आवाजात राग होता की माया, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सरकारची लपवाछपवी तर आमच्यापेक्षा वरच्या दर्जाची. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १ एप्रिल २०१७पासून लागू झाला. आमची गावं वसलेलीच महामार्गावर! जळगावातून नागपूर-सुरत रस्ता जातो, धुळ्यात त्याला मुंबई-आग्रा कापतो. रातोरात अर्ध्या शहराचा घसा कोरडा पडला. मग जळगावातले काही रस्ते राज्य सरकारकडून महापालिकेकडे सोपवण्याच्या हालचाली झाल्या, म्हणजे कागदावर महामार्गच राहायला नको. त्यावर गावात बराच गदारोळ उठला. नानांनी बाटली लपवली, सरकारने रस्ता लपवायला काढला. नानांना तेव्हा फार समाधान वाटलं होतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात शहाद्याच्या साखर कारखान्यावर जामनेरचे गिरीश महाजन, तेव्हाचे मंत्री, बोलता बोलता बोलून गेले की कारखान्याच्या दारूचं नाव ‘महाराजा’ आहे ते ‘महाराणी’ करा, खप वाढेल. त्यांना नंतर माफी मागावी लागली. ज्या शहाद्यात बायकांनी मडकी फोडली, तिथेच हे सुचावं, हा योग नियतीने मुद्दाम साधलेला असणार. तसा बायकांनाही सरकारने एक हत्यार दिलेलं आहे. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ या चिन्हाला मत दिलं की दुकान बंद. माझी आत्या अशा एका मतदानाला गेली होती. आत्याबांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, आडव्या ठेवलेल्या बाटल्या तिने आयुष्यभर शोधून काढल्या, त्यामुळे चिन्ह ओळखायला तिला चष्मा लागला नाही.

आमची पिढी मधली. आम्ही बापापासून लपवलं आणि पोरांसमोर उघड्यावर आलो. फ्रिजमध्ये ठेवतो, पण भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीखाली. सवय जात नाही. कायद्याने तर आम्हाला वयातही अडकवलेलं होतं. महाराष्ट्रात व्हिस्कीला २५ पूर्ण लागतात. लोकसभेला उभं राहायचं वयही तेवढंच, आणि दोन्हीतलं आधी काय करावं, हे आमच्याकडच्या बऱ्याच जणांनी अचूक ठरवलेलं आहे.

पुतणी पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. ती मागच्या दिवाळीत घरी वाइन घेऊन आली, पिशवीत न गुंडाळता, रिक्षातून, बाटलीची मान बाहेर. आई घाबरून शेजारच्या खिडक्या बघायला लागली. ‘आजी, वाइन म्हणजे दारू नाही,’ पुतणी म्हणाली. हाच मुद्दा २०२२मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवण्याच्या निर्णयावरून उभ्या महाराष्ट्राने महिनाभर चघळला होता, त्यामुळे आईकडे उत्तर तयार होतं: ‘मग देवघरात ठेव.’ बाटली लोणच्याच्या फळीवर गेली. २०२२मध्येच मंत्रिमंडळाने आणखी एक कमाल केली. मोहाच्या फुलांच्या आणि काजूबोंडांच्या दारूला ‘विदेशी मद्य’ हा दर्जा द्यायचं ठरवलं. सातपुड्यातलं झाड, सातपुड्यातली फुलं, आणि दारू विदेशी! हेतू चांगला असेल. गाळणाऱ्यांना दोन पैसे जास्त मिळाले तर मी टाळ्या वाजवीन. पण पुण्यात पुतणीच्या मित्रांना मोहाचं कॉकटेल कितीला पडतं हे मी बापूकाकांना सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘इतला पैसा दीसन हाई कडू पानी पेतस का रे?’ असं आबा म्हणाले असते, ते काकांनी त्यांच्या वतीने म्हणून घेतलं.

मला वाटायचं, लपवायचा हा वसा पुतणीपाशी संपला. तर परवाच्या थंडीत भाच्याने मळ्यावर भरीत पार्टी ठेवली. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, कळण्याच्या पुऱ्या आणि भाच्याचे दहा-बारा मित्र. सगळ्यांच्या हातात ग्लास, भाच्याच्याही. त्याने जाळाच्या उजेडापासून जरा दूर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीआड मला ओढलं.

‘मामा, कुणाला सांगू नका.’

मी मोठ्या माणसाचा चेहरा केला. काय सांगायचं नाही ते विचारलं.

‘मी घेत नाही. दीड वर्ष झालं, जिम चालू आहे ना. पण नुसतं पाणी घेऊन बसलो की हे जीव खातात. एक तरी घे, एक तरी घे. माळ घातली का म्हणतात. म्हणून हे.’ ग्लासात काळ्या कोल्ड्रिंकमध्ये सोडा घालून त्याने रंग जमवलेला होता.

तेवढ्यात मागे काठीचा आवाज झाला. नाना. साखरेच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांची कधीच बंद केलेली, हातात ताकाचा ग्लास. त्यांनी सगळं ऐकलं होतं. भाच्याच्या हातातून ग्लास घेतला, जाळाच्या दिशेने उंच धरला, एक डोळा मिटून आरपार पाहिलं.

‘फार काळं झालंय,’ ते म्हणाले. ‘पकडला जाशील. अजून सोडा घाल, आणि दर घोटाला तोंड थोडं वाकडं करत जा.’