कायदा गेला, नोंद राहिली

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या जाती-जमाती चार खंडांत मांडल्या. त्यात कोलाम आहेत, मुख्यतः यवतमाळच्या वणी तालुक्यातले. पारधीही आहेत, पण सुरुवातीलाच खालच्या पायरीवर बसवलेले. शतक उलटलं, पायरी हलली नाही.

हलेल कशी? संग्रहालयाच्या जुन्या वहीवरून नवी वही, नवीवरून संगणक. शेरा तोच.

पारध्यांसारख्यांवर शिक्का मारणारा, १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. नोंदींमधून तो कुणी रद्द करायचा?

केंद्राने २००६ मध्ये 'आदिम जमाती' या नावातला 'आदिम' शब्द सोडला. मराठी सरकारी कागदांत कोलाम अजून आदिमच!

आता नोंदींतला हा पक्षपात संगणकाने हुडकता येतो. ब्रिटिश म्युझियममधल्या जुन्या व्यंगचित्रांची वर्णनं मेरी डोरोथी जॉर्ज यांनी लिहिली, १९३५ ते १९५४ दरम्यान ती खंडांत छापली गेली. संशोधकांनी त्या मजकुरातले शब्द मोजले, कोणता शब्द कुणाच्या शेजारी येतो ते तपासलं. लिहिणारीची नजर उघडी पडली.

मग यवतमाळच्या १९०८ च्या गॅझेटियरला हीच चाळणी का लावू नये? कुठल्या जमातीच्या नावाला कोणतं विशेषण किती वेळा चिकटलंय, ते एकदा आकड्यांत दिसू द्या. आकड्यांपुढे 'तसा हेतू नव्हता' हे उत्तर टिकत नाही.

पण शब्द सापडला म्हणून पुसू नका. पुसलात तर अन्यायाचा पुरावाच गेला. लिहिणाऱ्याचं नाव आणि साल लावून तो नोंदीत ठेवा, मथळ्यातून काढा.

नवी वर्णनं यंत्राकडून लिहून घेणार? ते शिकणार कशावर? रसेलवरच.

आणि जे लिहिलंच नाही त्याचं काय? टोपली संग्रहालयात पोचते, सोबत गोळा करणाऱ्या साहेबाचं नाव पोचतं. बांबू सोलून ती विणणाऱ्या कोलाम बाईचं नाव कुठे आहे? रिकामे रकाने यंत्र क्षणात मोजेल. भरणार नाही.

त्यासाठी केळापूर, मारेगाव, झरी-जामणीच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर जावं लागेल, कोलामी बोलणारं माणूस सोबत घेऊन. कुणाला काय म्हणायचं ते तिथल्या म्हाताऱ्यांनी सांगावं आणि त्या दिवसाची मजुरी त्यांना रोख मिळावी. नोंदी संगणकावर आणण्याच्या निविदेत सर्व्हरचा खर्च असतो. हा खर्च त्याच्या वरच्या ओळीत घाला.