किलोमीटर डोंगराचे, तास कुणाचे?

मुंबई ते पणजी, सरळ हवाई रेषेत साधारण 410 किलोमीटर. महामार्ग 66 ने गेलात तर 580 च्या आसपास. ही दीडशेहून जास्त किलोमीटरची वाढ मला मुळीच खटकत नाही. एका अंगाला सह्याद्री, दुसऱ्या अंगाला खाड्या, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री एकामागून एक आडव्या, मधे कशेडी, भोस्ते, परशुरामचे घाट. अशा मुलखात रस्ता वळणारच. ते किलोमीटर डोंगराने मागितलेत, ते द्यायलाच हवेत.

राग आहे तो तासांचा. विमान सव्वा तासात उतरते. रस्त्याने किती लागतील, हे कोकणातला एक ड्रायव्हर छातीठोकपणे सांगणार नाही.

गणपतीच्या आदल्या रात्री माणगावात उभे राहून बघा. रुंद रस्ता बाजारपेठेच्या तोंडाशी येऊन आखडतो आणि सगळे तिथे तुंबते. टपावर मखर बांधलेल्या गाड्या, एसटीच्या जादा गाड्या, इंजिने बंद. पोरे पेंगुळलेली, म्हातारी माणसे बंद दुकानाच्या पायरीवर टेकलेली. सकाळी मूर्ती बसवायची आणि ज्याच्या हातून पूजा व्हायची तो इथे अडकलेला! म्हणून कित्येक चाकरमानी आता पुणे-कोल्हापूर गाठून आंबा नाहीतर गगनबावडा घाटाने खाली उतरतात. जास्त डिझेल जाळून लवकर पोचतात. सरकारी रस्त्याची याहून मोठी नाचक्की कुठली?

चौपदरीकरण 2011 साली सुरू झाले. एक तप उलटले तरी पुरे झाले नाही. भूसंपादन, ठेकेदार, पाऊस, डोंगर ही कारणे ऐकून कान किटले. यातले डोंगराचे कारण तर बिलकूल चालणार नाही. याच डोंगरांतून 92 बोगदे काढून कोकण रेल्वे सुमारे आठ वर्षांत उभी राहिली, जानेवारी 1998 मध्ये पूर्ण मार्ग खुला झाला. आणि महाडचा सावित्रीवरचा पूल? 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री जुना पूल एसटी गाड्यांसकट पुरात गेला, माणसे गेली. नवा पूल वर्षाच्या आत तयार झाला, याच महामार्गावर. म्हणजे मनात आणले की होते. मनात यायला माणसे मरावी लागतात, हे संतापजनक आहे.

चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला, चांगले झाले. मालवणच्या माणसाला त्याचा उपयोग आहे. पण विमान संगमेश्वरला थांबत नाही, लांज्याला प्रवासी घेत नाही. रात्री बाळंतीण अडली, कुणाला छातीत कळ आली, तर गाडी याच रस्त्याने धावणार.

तेव्हा मागणी साधी आहे. पनवेलपासून झारापपर्यंत प्रत्येक टप्प्यावर ठळक फलक लावा: काम कुणाकडे, पुरे कोणत्या महिन्यात, आणि तो टप्पा ओलांडायला आज किती वेळ लागतो. तारीख हुकली की ठेकेदाराइतकाच सही करणाऱ्या अधिकाऱ्यालाही दंड करा. रक्कम त्याच फलकावर लिहा, माणगावात ताटकळणाऱ्यांना वाचायला भरपूर वेळ असतो.