पहिल्या क्यूचा उमेदवार

टोकियोत शिंजुकूच्या वाकामात्सु-चो भागात आयकिदो या जपानी युद्धकलेचं मुख्यालय आहे, होम्बू डोजो. तिथे सकाळी साडेसहाच्या वर्गासाठी जो माणूस भल्या पहाटेच दाराशी येऊन ताटकळतो, तो पहिल्या क्यूच्या परीक्षेचा उमेदवार समजावा. क्यू म्हणजे ब्लॅक बेल्टआधीच्या पायऱ्या, उलट्या मोजायच्या: दुसऱ्यानंतर पहिला. दुसरा क्यू मिळाल्यावर सरावाचे किमान ६० दिवस भरावे लागतात, आणि ते हा गृहस्थ सरकारी नोकर शिल्लक रजा मोजतो तसे मोजतो. त्यापुढच्या शोदानला, म्हणजे ब्लॅक बेल्टला, आणखी ७० लागतात, पण तो विषय घरात काढायची सोय नाही.

एवढं करून कमरेला पट्टा पांढराच. पुरुषांना हाकामा नावाची घोळदार विजारसुद्धा शोदान झाल्यावरच. त्यामुळे काल दाखल झालेलं पोर आणि हे महाशय, बघणाऱ्याला दोघे सारखेच. त्याचं खरं दुखणं हे आहे. मग तो फरक तोंडाने दाखवतो. नवख्याने मनगट धरलं, की ‘असं नाही, असं’ सुरू. घरी बायकोने चहाचा कप पुढे केला, तरी तो आधी पाऊल तिरकं टाकून बाजूला होतो आणि मग कप घेतो.

सुवारी वाझा म्हणजे गुडघ्यांवर बसून करायची तंत्रं. ती रोज घोटून गुडघे सोलवटलेले. जिना उतरताना कठडा धरतो, पण विचारलं तर ‘छे, काही नाही’ म्हणत विजार वर करून दाखवतोच.

परीक्षेत नुसतं नाव पुकारतात. ‘उशिरो र्योतेदोरी’ म्हटलं, की मागून दोन्ही मनगटं धरली जाणार, आणि पुढचं याने करायचं. ते पाठ व्हावं म्हणून हा लोकलमध्ये ओठ हलवत स्वतःचंच मनगट पिरगाळतो. शेजारचा उठून दुसरीकडे बसतो.

गंमत अशी, की आयकिदोचे संस्थापक मोरिहेइ उएशिबा (१८८३-१९६९) स्पर्धेच्या विरोधात होते, त्यामुळे इथे हरवायला कुणी नाही. असतो तो उके, म्हणजे हल्ला करून नंतर पडणारा जोडीदार. तो छान पडला, की आपलं तंत्रही छान दिसतं. हे ओळखून उमेदवार परीक्षेआधी चांगलं पडणाऱ्यांशी एकाएकी गोड बोलू लागतो, त्यांना रामेन खिलवतो, त्यांच्या मुलांची चौकशी करतो.

तेव्हा असा कुणी हात पुढे करून ‘जरा धर बघू’ म्हणाला, तर आधी रामेनचं ठरवून घ्या. आणि पडायचं कसं, तेही.