वादळ आहे, पण कधीचं?

मालवणात वादळाच्या आधी त्याचा फॉरवर्ड येऊन धडकतो. ‘सर्व मच्छीमार बांधवांना सूचना’, खाली जोडलेल्या हातांची रांग, तारीख मात्र नाही. दांडीच्या किनाऱ्यावर होडी वर ओढून झाली की कोणीतरी चष्मा कपाळावर सरकवून म्हणतो, ‘‘रे मेल्या, ह्यां गेल्या वर्साचां वादळ!’’

खरं तर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर इशाऱ्यांची आरएसएस फीड फुकट मिळते. फीड म्हणजे संकेतस्थळाने ठेवलेली नव्या मजकुराची यादी: मथळा, तारीख, दुवा. तिचा पत्ता रीडर ॲपमध्ये एकदा टाकायचा. पुढे ॲपच अधूनमधून तिकडे डोकावून येतं आणि नवं ते वर ठेवतं. ना फोन नंबर द्यावा लागतो, ना सकाळी सकाळी गुलाबाची फुलं झेलावी लागतात. ही सोय १९९९पासूनची. १ जुलै २०१३ला गूगलने आपला रीडर बंद केला आणि फीड मेली, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. पॉडकास्ट आजही तिच्याच जिवावर चालतात, पण मेलेल्याची चौकशी कोण करतो!

शिवाय फीडमध्ये मजा नाही. तिथे इशाऱ्याखाली बांगड्याचा भाव विचारता येत नाही, की ‘सगळ्यांत आधी मीच टाकलंय’ असं म्हणून काकांना मिरवता येत नाही. दहा जणांना पाठवल्याशिवाय जी बातमी खरी वाटत नाही, ती एकट्याने मुकाट्याने वाचायची? त्यापेक्षा होडी उगाच ओढलेली परवडली.